घाणेरीची छाटणी

झाडांच्या नावांत समाजाने त्यांच्याविषयी दिलेला निकाल दडलेला असतो. १७५३ मध्ये लिनिअसने युरोपातील एका वेगळ्याच झुडपाशी असलेले साम्य पाहून या वनस्पतीला 'लँटाना' हे नाव दिले. मराठी माणसाने तिचे पान चुरगळले, वास घेतला आणि तिला 'घाणेरी' म्हटले. आज माळरानावर, डोंगरउतारावर, महाविद्यालयांच्या आवारात ती भेटते तेव्हा एके काळी ती बागेतली मानाची वनस्पती होती, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

मध्य आणि दक्षिण अमेरिका ही तिची मायभूमी. सतराव्या शतकात डचांनी तिला युरोपात नेले. तिथल्या काचघरांत माळ्यांनी संकर करून पिवळ्या, केशरी, गुलाबी फुलांचे नवनवे वाण घडवले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली ती शोभेचे झुडूप म्हणून. थोडक्यात, आपल्याकडे आलेली घाणेरी निखळ रानटी नव्हती. माणसाच्या सौंदर्यदृष्टीनेच तिला घडवले होते.

कुंपणासाठी ती निवडली गेली, त्यामागे तिचा एक गुण होता. वरून छाटले की बुंध्यापासून अनेक नवे फुटवे येतात आणि जाळी दाट होते. बागेत हवाहवासा वाटणारा हाच गुण बागेबाहेर शाप ठरला. बुलबुलांसारख्या पाखरांनी तिची काळी फळे खाल्ली आणि बिया रानोमाळ नेल्या. गुरांना तिचा पाला विषारी, त्यामुळे चरूनही ती कमी होईना.

मग माणसाने कीटकांची मदत घेतली. १९०२ मध्ये हवाई बेटांवर मेक्सिकोतून कीटक आणले गेले. भारतात १९२१ मध्ये तिच्या फळांवर वाढणारी माशी सोडण्यात आली. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून डेहराडूनला आणखी एक कीटक आणला गेला. तो सागाच्या फुलोऱ्यावरही जगू शकतो असे दिसताच त्याचा साठा नष्ट करण्यात आला. तरी काही कीटक निसटलेच. घाणेरी मात्र हटली नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील व्याघ्रक्षेत्रातल्या सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलात ती पसरली आहे. म्हणजे ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात.

दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणलेली पद्धत आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. फांद्या छाटायच्या नाहीत. जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उचलून उलटे ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. मोकळ्या झालेल्या जागी गवत आणि स्थानिक झाडे लावायची. जागा रिकामी ठेवली तर घाणेरी परतते.

कर्नाटकातील बिळिगिरीरंगन डोंगरांतले सोलिगा आदिवासी याच इतिहासाची दुसरी बाजू सांगतात. पूर्वी ते ठरावीक काळी जंगलात हलकी आग लावत. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झाले, ही प्रथा बंद पडली. आणि त्यानंतर घाणेरी माजली, असे त्यांचे म्हणणे आहे. ज्यांना छाटणीचे ज्ञान होते, त्यांच्याच हातातले साधन काढून घेतले गेले.

घाणेरीविषयी लिहिताना 'परकी' हा शब्द सहज लेखणीवर येतो. आम्हांला तो पुरेसा वाटत नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू आणि ठेच्यातली मिरची याही त्याच अमेरिकेतून आल्या. त्यांना आपण परके म्हणत नाही. तेव्हा दोष उगमाचा नाही. बागेच्या कुंपणापलीकडे काय घडेल याचा विचार न करता केलेल्या लागवडीचा तो आहे. आमच्या महाविद्यालयाच्या आवारातही दर वर्षी पावसाळ्यानंतर घाणेरी छाटली जाते आणि पुढच्या पावसाळ्यात ती अधिक दाट होऊन येते. शब्दांची छाटणी करून आपण इतिहासातले प्रश्न मिटवू पाहतो, तेव्हाही याहून वेगळे काही घडत नाही. मूळ जमिनीखाली असते, आणि तिथवर जायला वाकावे लागते.