आजी, घरघर आणि लॉइडसाहेबांचा संप

मागच्या महिन्यात आजी आमच्याकडे पुण्याला राहायला आली होती. तिची झोपायची जागा हॉलमध्ये, फिशटँकच्या शेजारी. पहिल्याच सकाळी म्हणाली, "अरे, ही तुझी गिरणी रात्रभर चालते का?" दुसऱ्या रात्री मी गुपचूप पंप बंद केला. सकाळी उठून बघतो तर दोन्ही क्लाउनफिश तळाशी पडलेले. खाऱ्या पाण्याची २०० लिटरची टाकी, त्यात पाणी हलवणारं दुसरं काहीच नाही, आणि दगडांमधले जिवाणूही प्राणवायू खाणारेच. आजीला मी खरं कारण अजून सांगितलेलं नाही. मासे म्हातारे झाले होते असं तिला वाटतंय.

तर नवा पंप घ्यायचा ठरवला आणि सवयीप्रमाणे दुकानात जायच्या आधी इतिहासात शिरलो.

समुद्राचं पाणी घरात जिवंत ठेवायची खटपट जुनी आहे. १८४६ मध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते उघड्या खिडकीपाशी रोज एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत बसायची, अर्धा-पाऊण तास. म्हणजे घरातला पहिला पंप हाडामांसाचा होता. प्रवाळ जगले ते तिच्या जिवावर, पण नाव राहिलं मालकिणीचं. असो.

माझा खरा हिरो मात्र विल्यम आल्फर्ड लॉइड. १८७१ साली लंडनजवळ सिडनहॅमला क्रिस्टल पॅलेसमध्ये मत्स्यालय उघडलं, त्याची रचना याची. त्याने काचेच्या टाक्यांखाली, अंधारात, त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा हौद बांधला. वाफेच्या इंजिनावरचे पंप तिथलं पाणी रात्रंदिवस वर चढवत, आणि टाक्यांमधून वाहत ते पुन्हा हौदात येई. अंधारामुळे शेवाळ वाढत नसे, आणि पाणी भरपूर असल्यामुळे तापमान चटकन बदलत नसे. नेपल्सला आंटोन डोर्नच्या संशोधन केंद्राचं मत्स्यालय १८७४ मध्ये सुरू झालं, तिथेही याचंच डोकं. लॉइडचा हट्ट एकच: पाणी थांबता कामा नये. हे मी महिनाभर आधी वाचलं असतं तर...

आमच्या टाकीखालच्या कपाटात जो संप आहे (हौद हो, कामगारांचा नव्हे!), तो म्हणजे लॉइडच्या हौदाचं पिल्लू. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिटने एका अमेरिकन मासिकात लेखमाला लिहिली आणि तिथल्या दिवाणखान्यांतून अशा रचनेची लाट आली. फरक इतकाच, की लॉइडची यंत्रं प्रेक्षकांच्या उशाशी नव्हती.

आता घरघरीकडे वळू. साध्या एसी पंपात फिरणारा भाग म्हणजे एक चुंबक, तो थेट पाण्यातच असतो. विजेची वेटोळी बाहेर रेझिनमध्ये बंद. त्यामुळे गळणारं सील नाही, ही कल्पना झकासच आहे. पण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर वेटोळी १०० हर्ट्झने गुणगुणतात, आणि प्लायवूडचं कपाट तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं तो सूर मोठा करतं. शिवाय हे चुंबक सुरू होताना कुठल्याही दिशेला फिरू शकतं, म्हणून पाती सरळ ठेवावी लागतात. त्यात वीज वाया जाते.

किती? माझा हिशोब बघा. मला हवं तासाला १२०० लिटर पाणी, १.३ मीटर वर. यासाठी पाण्यावर होणारं काम जेमतेम सव्वाचार वॉट. माझा पंप खात होता ४० वॉट! कारण खोक्यावरचा ४००० लिटरचा आकडा बघून घेतलेला (तो आकडा शून्य उंचीचा असतो), आणि मग जास्तीचं पाणी नको म्हणून वर कॉक आवळून ठेवलेला. इंजिनिअर म्हणवतो मी स्वतःला :)

शेवटी डीसी पंप घेतला. त्याचा कंट्रोलर फिरण्याची दिशा ठरवतो, म्हणून पाती वळणदार ठेवता येतात, आणि वेग कमी करता येतो. पुस्तकाप्रमाणे अर्ध्या वेगाला एक-अष्टमांश वीज, पण पाणी १.३ मीटर चढवायचं असतंच, त्यामुळे तेवढं फुकट मिळत नाही. माझा १५ वॉटवर स्थिरावलाय, म्हणजे वर्षाला २१९ युनिट वाचली. खाली स्पंजाचा तुकडा आणि कडक पाइपऐवजी सिलिकॉनची नळी, यांनी मात्र पंपापेक्षाही जास्त शांतता आणली. आणि पाणी हलवायला टाकीत एक छोटा पंखा वेगळा, यूपीएसवर.

आजी दिवाळीला परत येतेय. टाकीत नवे दोन क्लाउनफिश आहेत आणि पंपाच्या बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवलीय.