यात काय ठेवायचं?

गेल्या शनिवारी माझं लेथवरचं पहिलं धड पोकळ भांडं पूर्ण झालं. 'धड' अशासाठी की त्याआधीच्या तिघांना भोकं पडली, आणि भोक जिथे असायला हवं तिथे नाही. शेजाऱ्याचा मेपल वादळात पडला होता, त्यातला एक ओंडका मी मागून आणला होता. पाच इंच व्यासाचं, कांद्याच्या आकाराचं भांडं, तोंड जेमतेम रुपयाएवढं, आणि त्या तोंडावर काळ्या लाकडाचा साडेतीन इंची निमुळता कळस. इंग्रजीत त्याला फिनिअल म्हणतात. आपल्याकडे इतका चांगला शब्द असताना मी तो कशाला वापरू?

आई-बाबा सध्या इथे सहा महिन्यांसाठी आलेत. मी भांडं डायनिंग टेबलावर ठेवलं. बाबांनी ते सगळ्या बाजूंनी पाहिलं, कळस उचलला, एका डोळ्याने आत डोकावले आणि विचारलं,
"छान आहे रे. पण यात काय ठेवायचं?"

"काही नाही बाबा. हे असंच असतं."

"असंच म्हणजे?"

बाबा तेहतीस वर्षं बँकेत होते. ज्या खात्यात काही ठेवत नाहीत ते खातं उघडायचंच कशाला, असा चेहरा करून ते पेपर वाचायला गेले. माझ्या डोक्यात मात्र भुंगा सोडून गेले. रविवार सगळा त्यात गेला. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

सुरुवात माझ्याच लाकडापासून करू. मेपलची भांडी युरोपात मध्ययुगापासून कातली जात आहेत. मेझर नावाचे उथळ पेले असायचे, मेपलच्या गाठाळ लाकडातून कातलेले, श्रीमंताघरी काठाला चांदीची पट्टी. त्यातून माणसं रोज प्यायची. काही मेझरांना झाकणंही होती. झाकण आलं की ते उचलायला काहीतरी हवं, म्हणून वर एक बोंड. कळसाचा जन्म बहुतेक इतकाच साधा आहे. ती मूठ आहे.

या मुठीची मला सर्वांत आवडलेली आवृत्ती सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधली. वेस्ट इंडीजमधून लिग्नम व्हिटी नावाचं लाकूड यायचं. पाण्यात टाकलं तर बुडतं इतकं जड, आणि अंगचंच तेलकट. त्याचे मोठाले 'वॉसेल बोल' कातत. नाताळच्या दिवसांत त्यात गरम मसालेदार दारू भरून सगळ्यांनी मिळून प्यायची. यातल्या काही बोलांच्या झाकणावरचा कळस म्हणजे एक छोटी झाकणवाली डबी असे, आणि त्या डबीत मसाला! खाली दारू, वर जायफळ. याहून चांगलं डिझाइन रिव्ह्यू मी कधी पास होताना पाहिलेलं नाही. कळस शोभेचा आहे, मूठ आहे आणि स्वतःही एक भांडं आहे.

पण याच काळात, खरं तर थोडं आधीच, जर्मन दरबारांमध्ये वेगळंच प्रकरण सुरू झालं होतं. सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्ट (कारकीर्द १५५३ ते १५८६) स्वतः लेथवर काम करायचा. हौस म्हणून एखाद दिवस नाही, चांगला नियमित. त्याने ड्रेस्डेनला गेऑर्ग वेकरसारखे दरबारी कातारी नेमले. काम हस्तिदंतात. राजेलोकांना लेथचं वेड का लागावं? एक तर ती त्या काळातली अत्याधुनिक मशिनरी होती. दुसरं म्हणजे लेथवर धसमुसळेपणा चालत नाही, त्यामुळे राजपुत्राच्या अंगी संयम आणि भूमिती बाणवायला ही कला उत्तम मानली जाई. पुढे रशियाच्या पीटर द ग्रेटनेही हाच नाद केला. त्याच्याकडे आंद्रेई नार्तोव्हसारखा यंत्रकार होता, आणि कातकामावरचं शार्ल प्ल्युमिएचं १७०१ चं फ्रेंच पुस्तक त्याने रशियनमध्ये करवून घेतलं होतं.

या दरबारी लेथची गंमत अशी की नेहमीच्या लेथवर वस्तू फक्त गोल फिरते, त्यामुळे जे निघेल ते गोलच. यांनी फिरणाऱ्या दांड्यावर पाकळ्यांच्या आकाराच्या चकत्या बसवल्या. चकतीच्या उंचवट्यांप्रमाणे अख्खा दांडा फिरता फिरता हलतो आणि स्थिर हत्याराखालून लंबगोल, पाकळीदार, लहरी आकार निघतात. थोडक्यात, चकती हा प्रोग्राम. चकती बदलली की आकार बदलला. (हे वाचल्यावर मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या.)

आता कोबर्गची गोष्ट. तिथला ड्यूक योहान कासिमिर, आणि त्याचा कातारी मार्कुस हायडन. १६१८ नंतरच्या दहा-बारा वर्षांत हायडनने हस्तिदंताची झाकणवाली उंच पात्रं केली. बुडाशी लंबगोल बैठक, त्यावर तिरपा झुकलेला दांडा, त्यावर पोकळ पेला, त्यावर झाकण आणि झाकणावर कळस. सुळा जेवढा जाड तेवढाच एक तुकडा जाड होऊ शकतो, म्हणून भाग वेगवेगळे कातून एकावर एक जोडायचे. आणि कळस? सुईसारखी निमुळती टोकं, जाळीदार गोळे, पुन्हा त्यांच्या आत काहीतरी. झाकण उचलायला तो धरला तर तुमच्या हातात फक्त कळसच येईल, आणि मग ड्यूक तुमचं काय करेल ते वेगळं!

म्हणजे शंभरेक वर्षांत मूठ अशी झाली की तिला हात लावायचा नाही. त्यात पेयही भरायचं नाही. बाबांचा प्रश्न कोबर्गच्या दरबारात कुणी विचारला असता तर उत्तर माझ्यासारखंच मिळालं असतं. फरक इतकाच की तिथे 'काही नाही' हेच सांगायचं होतं. आमच्याकडे इतका वेळ आहे, इतकं यंत्र आहे, इतका हस्तिदंत आहे, आणि आम्ही त्यातून रिकामं भांडं करतो.

हस्तिदंत मुख्यतः आफ्रिकेचा. एकेका कळसामागे मेलेला हत्ती आहे हे त्या काळात कुणाला टोचलं नसेल, आपल्याला टोचायला हवं. मला ते बघताना टोचलं आणि तरी डोळे हलले नाहीत, हेही कबूल करतो.

बघताना म्हणजे कुठे? कोबर्गला नाही. तीस वर्षांच्या युद्धात, १६३२ मध्ये, वालेनस्टाइनच्या फौजेने कोबर्ग शहर घेतलं. त्या फौजेबरोबर एकोणीस वर्षांचा मात्तियास दे मेदिची होता, टस्कनीच्या ग्रँड ड्यूकचा भाऊ. लुटीत त्याने ही पात्रं उचलली आणि फ्लॉरेन्सला नेली. ड्यूक कासिमिर पुढच्याच वर्षी वारला. ती पंचवीसेक पात्रं आज पिट्टी राजवाड्यातल्या संग्रहालयात आहेत. मी काही वर्षांपूर्वी कामासाठी मिलानला गेलो असताना एक दिवस वाढवून फ्लॉरेन्सला गेलो होतो. राफाएलच्या चित्रांपुढे ही गर्दी, आणि या कपाटांपुढे मी आणि एक जांभया देणारा रखवालदार. सुईएवढी टोकं आल्प्स ओलांडून गेली आणि अजून शाबूत आहेत. पॅकिंग कुणी केलं असेल?

यानंतरचा बराच काळ उरकून घेतो. लंडनच्या होल्टझाप्फेल घराण्याने श्रीमंत हौशी मंडळींना असे शोभिवंत कातकामाचे लेथ विकले आणि १८४३ ते १८८४ मध्ये पाच जाडजूड खंड लिहिले. कारखाने आले, हौस मागे पडली, लेथ म्हणजे खुर्चीचे पाय आणि जिन्याचे कठडे एवढंच उरलं.

मग १९७० च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड एल्सवर्थ नावाच्या माणसाने वाकड्या पात्याची हत्यारं बनवून चिंचोळ्या तोंडातून लाकूड आतून पोखरायला सुरुवात केली. हत्यार आत गेलं की दिसत काहीच नाही. आवाजावर आणि हाताला येणाऱ्या थरथरीवर काम. भिंत तीन मिलिमीटर किंवा त्याहून कमी. १९८६ मध्ये 'अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स' स्थापन झाली तेव्हा पहिला अध्यक्ष हाच. त्याच्या भांड्यांना झाकण नव्हतं, कळसही नव्हता. तोंड म्हणजे नुसता एक अंधारा ठिपका. बाबांचा प्रश्न त्याने भोक लहान करूनच निकालात काढला.

आणि त्या ठिपक्यावर पुढच्या लोकांनी पुन्हा कळस चढवला. मूठ नाही, झाकण नाही, तरी कळस. सिंडी ड्रोझ्डासारख्या कातारणीने तर त्यात असं नाव काढलं की आमच्या क्लबात नवा माणूस महिन्याभरात आपल्या भांड्यावर काळी सुई खोचतोच. मीही खोचली. निम्म्या वेळा ती टोपीवरच्या पिसासारखी दिसते. खांद्याची वळण-रेषा जिथे संपते तिथून कळसाची उचलली गेली पाहिजे, दोन मणी एकाच मापाचे नकोत, दोन मण्यांमधला खळगा लांब आणि शांत हवा, सगळ्यांत बारीक जागा टोकाच्या जवळ हवी. कुणी १.६ चं सुवर्ण गुणोत्तर सांगतं, कुणी एकास तीन. मी पुठ्ठ्याचे सहा कळस कापून भांड्यावर ठेवून पाहिले, आणि जो आवडला तो कुठल्याच गुणोत्तरात बसत नव्हता.

कातायचं मात्र टोकापासून, पूर्ण करत करत बुडाकडे. टोक पॉलिशसकट संपवायचं आणि मगच मागचं लाकूड बारीक करायचं, कारण मागचा जाड भागच टोकाला आधार देतो. एकदा पुढे सरकलात की मागे जाणं नाही. आमच्या धंद्यात सगळं आयुष्य मागच्या व्हर्जनवर जाण्यात गेलेलं. मी शहाणपणा करून दुसरा मणी झाल्यावर टोकाला परत हात लावला. टक्! टोक आजतागायत सापडलेलं नाही.

तो तुकडा आफ्रिकन ब्लॅकवुडचा होता. डालबर्जिया कुळातला, म्हणजे आपल्या शिसवीचा चुलतभाऊ. हे बाबांना सांगितल्यावर पहिल्यांदा ते भांड्याजवळ परत आले. "म्हणजे आपल्या घरच्या पलंगाचं लाकूड?" त्या पलंगाच्या चारी खांबांवर कातीव बोंडं होती, आणि त्यातलं एक लहानपणी मी हलवून हलवून ढिलं केलं होतं हे त्यांना बरोबर आठवलं. २०१७ पासून हे अख्खं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहे. हत्तीनंतर आता झाडाची पाळी. दुसरा कळस मी मग अक्रोडाचा केला, काळ्या रंगात बुडवून. क्लबात कुणाला ओळखू आला नाही.

आई इतका वेळ भाजी निवडत होती. ती म्हणाली, "त्यात एवढं काय शोधताय? हा कलश आहे. पाच पानं लावा, नारळाऐवजी ते काळं ठेवलंय."

मी गप्पच झालो. तांब्या, आंब्याची पानं, शेंडी वर केलेला नारळ. पोकळ भांडं आणि त्यावर निमुळता कळस. शिवाय देवळाच्या शिखरावर आपण जो चढवतो तो कळस मुळात घटच. तिकडे भांड्यावर कळस, आणि आपल्याकडे कळस म्हणजेच भांडं. त्या मसाल्याच्या डबीवाल्या इंग्रजाला हे पटलं असतं.

सोमवारी ऑफिसातून आलो तर टेबलाजवळ वेलदोड्याचा वास. बाबांनी कळस काढून आत आठ-दहा वेलदोडे टाकले होते. तोंड इतकं लहान की एकेक काढायला भांडं उलटं करून हलवावं लागतं, आणि चहा टाकताना ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय.