आमगे, ज्योती
आमगे, ज्योती : (जन्म १६ डिसेंबर १९९३). अमेरिकी चित्रवाणी मालिकेत भूमिका केलेल्या नागपूरच्या अभिनेत्री. उंची ६२.८ सेंमी. अठराव्या वाढदिवशी, १६ डिसेंबर २०११ रोजी, ‘गिनेस वर्ल्ड रेकॉर्ड्स’ने त्यांची हयात स्त्रियांमधील सर्वांत बुटकी स्त्री म्हणून नोंद केली. त्याआधी हा मान ६९ सेंमी. उंचीच्या अमेरिकेच्या ब्रिजेट जॉर्डन यांच्याकडे होता. किशोरवयीनांचा विक्रम आमगे यांच्या नावावर आधीच होता. ब्रिटनच्या चॅनेल फोरने २००९ मध्ये त्यांच्यावर माहितीपटही केला होता.

अभिनेत्री म्हणून त्यांची ओळख मुख्यतः एकाच भूमिकेमुळे आहे. ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’ मालिकेच्या ‘फ्रीक शो’ या चौथ्या पर्वात (२०१४-१५) त्यांनी मा पेतीत साकारली. कथा १९५२ सालच्या फ्लोरिडातली. विचित्र माणसांच्या खेळाची मालकीण एल्सा मार्स (जेसिका लँग) हिने मा पेतीतला एका महाराजाकडून शीतपेयाच्या खोक्यांच्या बदल्यात मिळवलेले असते. पुढे मा पेतीतचा खून होतो. संवाद मोजकेच, तरी लँगसारख्या कसलेल्या नटीच्या कडेवर बसूनही आमगे यांचा चेहरा झाकोळत नाही.

या पर्वाची मुळे टॉड ब्राउनिंगच्या ‘फ्रीक्स’पर्यंत (१९३२) जातात. त्यात हॅरी आणि डेझी अर्ल्स या जर्मन वंशाच्या बुटक्या बहीणभावांना प्रियकर-प्रेयसीच्या ठळक भूमिका मिळाल्या होत्या. प्रेक्षक मात्र बिथरले आणि ब्रिटनमध्ये चित्रपटावर सुमारे तीस वर्षे बंदी राहिली. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मध्ये (१९३९) हॅरी मंचकिन या बुटक्या लोकांच्या घोळक्यातला एक झाला. हिंदी पडद्यावर तर असे मध्यवर्ती पात्र बहुधा सर्वसाधारण उंचीच्या नटाकडेच जाते : ‘अप्पू राजा’त कमल हासन, ‘झीरो’त (२०१८) शाहरुख खान. बुटक्या नटाला नायकाची भूमिका द्यायची नाही, पण नायकाला कॅमेऱ्याच्या करामतीने बुटके करायचे, हा उफराटा न्याय आहे. मा पेतीतसाठी निदान ती वेळ आली नाही.

आमगे २०१२ मध्ये ‘बिग बॉस’च्या सहाव्या पर्वात पाहुण्या म्हणून दिसल्या, इटलीतल्या विक्रमवीरांच्या कार्यक्रमातही त्यांनी काम केले. पुणे जिल्ह्यात लोणावळ्याच्या मेणपुतळ्यांच्या संग्रहालयात त्यांचा पुतळा आहे. बाकी आमंत्रणे उंचीपायीच आली. जानेवारी २०१८ मध्ये इजिप्तच्या पर्यटनासाठी त्या सर्वांत उंच पुरुष सुलतान कोसेन यांच्यासह गिझाच्या पिरॅमिडांसमोर उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये लंडनला त्या आणि सर्वांत उंच स्त्री रुमेसा गेल्गी (२१५.१६ सेंमी.) एकत्र चहा प्यायल्या.