गाडीत एकदम तीन गोष्टी बिघडल्या? आधी कनेक्टर बघा! वायरिंग हार्नेस सोप्या भाषेत

गाडीत बॅटरीपासून दिवे, हॉर्न, काचा, सेन्सर असं सगळीकडे वायरी जातात. त्या ठरलेल्या मार्गाने टेप आणि प्लॅस्टिकच्या नळीत बांधलेल्या असतात. या जुडग्याला वायरिंग हार्नेस म्हणतात. इंजिन, डॅशबोर्ड, दारं, डिकी यांचे हार्नेस वेगळे असतात आणि कनेक्टरने एकमेकांना जोडलेले असतात.

साध्या कनेक्टरमध्ये इकडची एक वायर तिकडच्या एका वायरला मिळते. जंक्शन कनेक्टर वेगळा. त्याच्या आत धातूची पट्टी असते आणि एकाच सर्किटच्या अनेक वायरी तिला जोडलेल्या असतात. घरातला एक्स्टेंशन बोर्डच समजा. बऱ्याच गाड्यांत अर्थच्या वायरीही अशाच एकत्र करून बॉडीला बोल्टने कसतात, कारण लोखंडी बॉडी हीच करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतायची वाट असते.

मागच्या पावसाळ्यात वाशिमला घरी गेलो, तेव्हा आमच्या जुन्या गाडीत उजवा इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा ब्रेक लाइट मिणमिणायचा आणि टेल लाइट मंद व्हायचा. एका गॅरेजने आधी बल्ब बदलले, मग फ्लॅशर, मग अख्खा टेल लॅम्प. बिल वाढत गेलं, दोष तसाच. बाबा तर गाडी विकायला निघाले होते. शेवटी डिकीतलं कव्हर उघडलं, तर अर्थच्या बोल्टवर गंज आणि त्याची वायर उंदराने कुरतडलेली. (घरामागे सोयाबीनची पोती, मग उंदरांना काय कमी!) बोल्ट घासला, वायरीला नवीन टर्मिनल क्रिम्प केलं, काम झालं. परतीची वाट अडली की इंडिकेटरचा करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो, एवढंच घडत होतं.

हे मल्टिमीटरने पकडता येतं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं बल्बच्या अर्थला लावा आणि दिवा चालू करा. रीडिंग साधारण 0.2 व्होल्टच्या आत हवं. दिवा बंद ठेवून नुसता रेझिस्टन्स मोजलात तर फसाल. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर जवळपास शून्य ओहम दाखवतो, पण 60 वॉटच्या हेडलाइटचा 5 अँपिअर करंट ती तार नीट पेलत नाही.

नवीन गाड्यांत संगणकांमधला डेटासुद्धा कॅन नावाच्या दोन पिळलेल्या वायरींतून जातो. त्याच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर असतात. म्हणून बॅटरी काढून ओबीडी पोर्टच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनमध्ये मोजलं, तर बहुतेक गाड्यांत 60 ओहमच्या आसपास यायला हवेत. 120 आले तर कुठेतरी वायर किंवा कनेक्टर सुटलाय. मोबाइलच्या ओबीडी ॲपमध्ये एकदम चार-पाच सेन्सरचे एरर दिसले, तरी लगेच चार-पाच सेन्सर मागवू नका. त्यांचा सामाईक कनेक्टर कुठे आहे ते आधी शोधा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर 10 च्या जागी 20 अँपिअरचा टाकू नका. मग फ्यूजच्या आधी वायर जळते. आणि पिवळे कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात, त्यांना घरी हात लावायचा नाही.