ऐकणाऱ्याची जागा : एकांकिकेतील प्रेम आणि एकाकीपण

एकाकीपण हा एकांकिकेचा केवळ आशय मानला, की तिच्या संवादरचनेचा इतिहास नजरेआड होतो. स्ट्रिंडबर्गच्या 'द स्ट्राँगर'मध्ये (१८८९) नाताळच्या आदल्या दिवशी कॅफेत दोन अभिनेत्री भेटतात. बोलते ती एकटीच. दुसरीच्या मौनावर आदळत असतानाच तिला उमगते, की नवऱ्याच्या सपातांवर आपण ट्यूलिप भरतो ते या बाईच्या आवडीखातर. येथे श्रोता मूक असला तरी समोर आहे. कॉक्तोच्या 'ला व्हा युमेन'मध्ये (१९३०) तो टेलिफोनच्या तारेपलीकडे जातो. प्रियकराचा एकही शब्द प्रेक्षकाला ऐकू येत नाही. मध्येच तुटणारी जोडणी हीच तेथे नाट्यघटना ठरते. बेकेटच्या 'क्रॅप्स लास्ट टेप'मध्ये (१९५८) तारही उरत नाही. ६९ वर्षांचा क्रॅप ऐकतो तो ३९व्या वर्षीचा स्वतःचाच आवाज. होडीतल्या निरोपाचा तुकडा तो पुनःपुन्हा लावतो, तत्त्वचिंतनाचा भाग मात्र चिडून पुढे सरकवतो. संघर्ष आहे तो, माझ्या मते, या चिडण्यात. म्हणूनच तिन्ही कृतींना सरसकट 'स्वगत' म्हणणे अपुरे वाटते. स्वगताला ऐकणारा लागत नाही, क्रॅपला लागतो. अखेरीस फीत निःशब्द फिरत राहते आणि तो निश्चलपणे समोर पाहत असतो.