सोमलाचे लाकूड

डिचोली तालुक्यातील सर्वणसारख्या गावी घर बांधताना चिऱ्याची चिंता कधी पडली नाही. पडली ती वाशांची. चार महिन्यांचा पाऊस आणि बारमाही वाळवी यांपुढे टिकावे म्हणून फणस, किंदळ, साग यांचा गाभा निवडीत. कोठे काजूच्या टरफलांचे तेलही चोपडीत. तेही काही सौम्य नव्हे, हातावर पडले तर फोड उठतात. पण त्याचा दाह लपून राहत नसे.

हलक्या लाकडाला दीर्घायुषी करण्याची युक्ती निघाली ती आपल्याच देशात. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि सोमल यांचे मिश्रण सिद्ध केले. सोमल व तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्यास ‘आस्कू’ हे नाव मिळाले. पोलादी टाकीत लाकूड कोंडून आतील हवा ओढून घ्यावयाची आणि मग द्रावण दाबाने तंतूंत घुसवावयाचे. तांब्याने बुरशी मरते, सोमलाने वाळवी. क्रोमियमचे काम त्या दोहोंना लाकडाशी जखडून ठेवण्याचे. शोध थोर होता, यात संशय नाही. निकस झाडाचा खांबही त्यामुळे दशकानुदशके उभा राहू लागला आणि हे हिरवट लाकूड जगभर पसरले.

ही जखडण मात्र पुरती नव्हती. थोडा सोमल पावसाबरोबर खांबाच्या बुडाशी मातीत उतरतो, हाताळणाऱ्याच्या हातालाही लागतो. परंतु खरा घात अग्नीने होतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आठ जणांचे एक कुटुंब हिवाळ्यात असले लाकूड शेगडीत जाळीत असे. दर हिवाळ्यात अंगावर पुरळ, नाकातून रक्त, आईबापांचे केस गळून गेलेले! शेगडीच्या राखेत सोमल सापडला, तसाच त्यांच्या केसांतही. हे प्रकरण १९८४ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेत घरगुती बांधकामासाठी असे लाकूड तयार करणे २००३ च्या अखेरीस थांबले. खांबांसाठी ते चालूच राहिले.

गोव्यातील न्हाणीत पाण्याच्या भाणाखाली मोडकी फळी, जुना खुंट, जे मिळेल ते सारले जाते. राख भांड्यांना लागते, उरलेली भाजीच्या वाफ्यात जाते. सोमल जळून नष्ट होत नाही. काही धुरातून जातो, बाकीचा राखेत साठतो. आणि उन्हापावसात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या लाकडाची ती हिरवट छटा उडून ते करडे पडते. सरपणाच्या राशीत ते मग निराळे ओळखता येत नाही.