वऱ्हाडातली पाण्याची बॅटरी

वऱ्हाडात वीज आली ती टेलिग्राफच्या तारेतून. दिवे बरेच नंतर लागले. रेल्वेबरोबर तारही येई. मुंबई-नागपूर रेल्वे 1867 मध्ये पुरी झाली. 1870 साली जलंब-खामगाव फाटा सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबई समुद्री तारेने इंग्लंडला जोडली गेली. पुढच्या वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. तिथल्या कापूसबाजाराला परदेशातले भाव आता तारेने कळू लागले.

या तारेला वीज पुरवणारा घट पाण्यातल्या द्रावणाचाच होता. भारतीय तारखात्यात मिनोटो घट चाले: तळाशी तांबे आणि मोरचूद, वर भुसा, त्यावर जस्त. जस्त विरघळे, तांबे साचे आणि वीज मिळे. पण क्रिया एकाच दिशेची; जस्त संपले की नवे घालायचे.

अशी क्रिया उलटी फिरवण्याचे काम संशोधक प्लांते यांच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीने 1859 सालीच साधले होते. वऱ्हाडात ती ट्रॅक्टरमधून आणि पुढे 2005 नंतरच्या भारनियमनात इन्व्हर्टरमधून घरोघरी पोचली. तिच्यात डिस्टिल वॉटर टाकत राहावे लागते, कारण चार्ज होताना थोडे पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात. पाणी फुटायला तत्त्वतः 1.23 व्होल्ट पुरतात. शिशावर हायड्रोजन सावकाश सुटतो, म्हणून दोन व्होल्टचा हा घट तगतो. त्याचे वजन आणि शिशाचे विष मात्र सुटत नाही.

1994 मध्ये कॅनडात जेफ डान आणि सहकाऱ्यांनी पाण्यातली लिथियम-आयन बॅटरी दाखवली. ती आग पकडणारी नव्हती, पण टिकाऊही नव्हती. 2012 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड सौम्य क्षारद्रावणात वापरून पुन्हा चार्ज होणारा घट मांडला. यातले मँगनीज वऱ्हाडाला परके नाही. विदर्भातल्याच भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला मॉईल या सरकारी कंपनीची मँगनीजची खाण आहे. कोरड्या सेलसाठी लागणारे मँगनीज डायऑक्साइड तिथे विद्युत-अपघटनानेही तयार होते.

वऱ्हाडातल्या शेतात मात्र सौर कृषिपंपाने बॅटरीला बगल दिली आहे. ऊन असेपर्यंत पाणी उपसायचे आणि शेततळ्यात भरून ठेवायचे, हा साठा स्वस्तच पडतो. तळ्यातल्या पाण्याने संध्याकाळचा दिवा लागत नाही, इतकीच अडचण. तिथे जस्ताचा घट उपयोगी पडेल. अडतो तो जुन्याच ठिकाणी, क्रिया उलटी फिरवताना: चार्ज होताना जस्त सपाट न बसता काट्यांसारखे वाढते, पडदा भेदून घट आतल्या आत जोडते, आणि पाणीही थोडे फुटतच राहते.